कळतं, पण वळत नाही

टेबलावर दोन खोकी आहेत. एकावर निळ्या सशाचं चित्र, दुसऱ्यावर लाल होडीचं. समोर तीन वर्षांची मुलगी बसली आहे आणि तिला एकेक चित्र हातात मिळतं, कधी लाल ससा, कधी निळी होडी. आधी रंगाचा खेळ. लाल चित्र लाल होडीच्या खोक्यात टाकायचं, निळं चित्र निळ्या सशाच्या. ती भराभर टाकत जाते, एकही चुकत नाही. मग तिला सांगतात, "रंगाचा खेळ संपला. आता आकाराचा खेळ. ससे सशाच्या खोक्यात, होड्या होडीच्या." तिच्या हातात लाल ससा येतो आणि ती तो लाल होडीच्या खोक्यात टाकते. पुढची निळी होडी निळ्या सशाच्या खोक्यात. नियम पुन्हा सांगितला तरी तेच.

लक्षच दिलं नसेल, असं आपल्याला वाटतं. म्हणून तिला विचारतात, "आकाराच्या खेळात ससे कुठे जातात?" ती अचूक सशाच्या खोक्याकडे बोट दाखवते. "मग हा टाक बरं." आणि लाल ससा पुन्हा लाल होडीकडेच जातो.

मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हा खेळ मांडला. तेव्हापासून तो जगभर असंख्य मुलांबरोबर खेळला गेला आहे. तीन वर्षांची बहुतेक मुलं दुसऱ्या नियमाला अडखळतात, पाच वर्षांची बहुतेक सहज पार होतात. "कळतं पण वळत नाही" हे आपण एरवी मोठ्यांना टोमणा म्हणून ऐकवतो. तीन वर्षांच्या मुलाबद्दल मात्र ते अक्षरशः खरं असतं. कळणं आधी येतं, वळणं मागाहून, आणि मधली दोन-तीन वर्षं मूल या दोहोंच्या मध्ये उभं असतं. ते उद्धटपणा करत नसतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण याच वर्षांत मुलांना सर्वांत जास्त ओरडा बसतो.

या "वळण्या"ला मानसशास्त्रात एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स किंवा कार्यकारी क्षमता म्हणतात. पहिल्यांदा मनात येईल ते करण्याला आवर घालणं, करायची गोष्ट डोक्यात धरून ठेवणं आणि परिस्थिती बदलली की नियम बदलणं, अशी त्यांची साधारण विभागणी करतात. मोठ्या माणसांत हे तीन धागे वेगळे दाखवता येतात. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या चाचण्यांत मात्र ते बरेचदा एकाच धाग्यासारखे दिसतात आणि वय वाढेल तसे सुटे होत जातात. या क्षमता मुख्यतः कपाळामागच्या मेंदूच्या भागावर, त्याच्या इतर भागांशी असलेल्या जोडण्यांवर अवलंबून असतात. हा भाग सावकाश पिकतो, पार विशी उलटेपर्यंत. पण तीन ते पाच या वयात क्षमतांची झेप विलक्षण मोठी असते.

खोक्यांच्या खेळात नेमकं काय अडतं? यावर संशोधकांत मतभेद आहेत. मला पटणारं स्पष्टीकरण असं की लाल सशाकडे "लाल" म्हणून पाहायची सवय डोळ्यांना लागलेली असते आणि मुलीची नजर तिथून सुटत नाही. अ‍ॅडेल डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक छोटासा बदल करून पाहिला. प्रत्येक वेळी मोठ्यांनी "हा ससा आहे" असं न सांगता मुलालाच विचारायचं, "हे काय आहे?" मूल स्वतःच्या तोंडाने "ससा" म्हणालं की त्याचा हात बरोबर खोक्याकडे जाण्याची शक्यता वाढली. नियम तोच, मूल तेच, फक्त शब्द त्याच्या तोंडून आला.

डायमंड यांचा आणखी एक प्रयोग सांगायलाच हवा. सूर्याचं चित्र दिसलं की "रात्र" म्हणायचं, चंद्र-ताऱ्यांचं दिसलं की "दिवस". चार वर्षांच्या मुलांना हे जड जातं. त्यांनी २००२ साली चित्र दाखवल्यावर लगेच उत्तर न घेता मधे एक लहानसं गाणं म्हटलं: विचार कर, अजून सांगू नकोस. तेवढ्या काही सेकंदांत बरोबर उत्तरांचं प्रमाण चांगलंच वाढलं. उत्तर मुलापाशी होतंच. चुकीचं उत्तर आधी उसळून येत होतं आणि ते ओसरेपर्यंत त्याला कुणी थांबू दिलेलं नव्हतं. आपण मात्र मुलाला प्रश्न विचारतो आणि ते क्षणभर गप्प राहिलं की "पटकन सांग" म्हणतो.

"सकाळपासून दहादा सांगितलं" ही तक्रारही याच वयाच्या वाट्याला येते. युको मुनाकाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली साडेतीन आणि आठ वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. मनावर ताण आला की बाहुली किंचित मोठी होते, त्यामुळे मूल नक्की कधी विचार करतंय ते कळतं. आठ वर्षांची मुलं येणाऱ्या प्रसंगाची आधीच तयारी करत होती. साडेतीन वर्षांची मुलं प्रसंग समोर आल्यावर मागची सूचना आठवत होती. घरात हे असं दिसतं: "बाहेर थंडी आहे, स्वेटर घाल" हे मूल ऐकतं आणि तसंच दाराबाहेर पळतं. बाहेर गार वारा लागल्यावर त्याला तुमचं वाक्य आठवतं आणि ते स्वेटरसाठी परत येतं. ऐकलेलं वाया गेलेलं नसतं, ते गरजेच्या वेळी वर येतं. म्हणून आधी दहादा बजावण्यापेक्षा दारात उभं राहून एकदा आठवण केलेली बरी.

आवर घालण्याच्या बाबतीत खेळाइतकी ताकद दुसऱ्या कशात मी वाचलेली नाही. रशियन संशोधक मनुइलेन्को यांनी १९४८ साली लहान मुलांना स्तब्ध उभं राहायला सांगितलं. नुसतं सांगितलं तेव्हा मुलं थोड्याच वेळात चुळबुळायला लागली. तेच "तू पहारेकरी आहेस" असं सांगून खेळात घेतल्यावर ती कितीतरी जास्त वेळ टिकली. २०१७ साली अमेरिकेत चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटं एक कंटाळवाणं काम दिलं. शेजारी मजेदार गेम असलेला टॅबलेट होता, हवं तेव्हा उठून खेळायची मुभा होती. काही मुलं मधूनमधून स्वतःला विचारत होती, "मी नीट काम करतोय का?" काही मुलांनी बॅटमॅनसारखी एखादी व्यक्तिरेखा घेतली होती आणि ती "बॅटमॅन नीट काम करतोय का?" असं विचारत होती. कामाला सर्वांत जास्त वेळ चिकटून राहिली ती बॅटमॅनवाली मुलं. स्वतःकडे जरा लांबून पाहता आलं की मोह थोडा मागे सरतो. स्टॅच्यूचा खेळ, गाणं थांबलं की थांबायचं, "तू डॉक्टर, मी पेशंट" या सगळ्यांत मूल स्वतःहून नियम पाळतं, कारण नियम मोडला तर खेळच मोडतो.

मार्शमॅलो या मऊ गोड खाऊच्या प्रसिद्ध प्रयोगाबद्दल बहुतेकांनी ऐकलं असेल: आत्ता एक खा, किंवा थांबलास तर दोन. त्यावरून मुलाचं भविष्य वर्तवायची जी टूम निघाली ती मला अजिबात पटत नाही. २०१८ साली ९००हून अधिक मुलांवर केलेल्या अभ्यासात घरची परिस्थिती वगैरे लक्षात घेतल्यावर थांबता येणं आणि पुढचं यश यांतला संबंध बराच क्षीण झाला. त्याहून बोलका प्रयोग रॉचेस्टर विद्यापीठातला, २०१३ सालचा. तिथे २८ मुलं होती. निम्म्या मुलांना एका मोठ्या माणसाने चांगले रंग आणून देतो असं सांगितलं आणि आणलेच नाहीत. उरलेल्यांना दिलेला शब्द पाळला. त्यानंतर मार्शमॅलो समोर ठेवला. फसवलेली मुलं सरासरी ३ मिनिटं थांबली, शब्द पाळलेली १२. पूर्ण पंधरा मिनिटं थांबणारी मुलं पहिल्या गटात १४ पैकी १, दुसऱ्यात ९. थांबणं हे मुलाच्या अंगचं बळ जितकं, तितकाच समोरच्या माणसावरचा विश्वास. ज्याचा शब्द खोटा ठरला त्याच्यासाठी कशाला थांबायचं, हा त्या मुलांचा हिशोब अगदी शहाणपणाचा होता.

कार्यकारी क्षमता वाढवण्यासाठी म्हणून बनवलेल्या कॉम्प्युटर गेमबद्दल फार अपेक्षा ठेवू नये. मूल त्या गेममध्ये तरबेज होतं, पण त्याचा फायदा दूरच्या गोष्टींपर्यंत क्वचितच पोचतो. झोप पुरी नसेल, मन घाबरलेलं असेल, तर आहे ती क्षमताही लंगडी पडते; मोठ्यांचंही तेच होतं.

आणि त्या खोक्यांसमोर काही महिन्यांनी तीच मुलगी पुन्हा बसते. रंगाचा खेळ संपून आकाराचा सुरू होतो, तिच्या हातात लाल ससा येतो. हात सवयीने लाल होडीकडे निघतो आणि वाटेतच थांबतो. ती पुटपुटते, "ससा... ससा..." कुणाला सांगायला नाही, आपल्या आपणच. मग हात वळतो.