तंतुकणिका आणि रोगकारक जीवाणू

शरीरात शिरलेले काही रोगकारक जीवाणू पेशीतल्या तंतुकणिकांना, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियांना, हाताशी धरून आपले बस्तान बसवतात. तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र, असे आपण शाळेत शिकतो. ते खरे असले तरी अपुरे आहे. पेशीने मरायचे की नाही, हेही बरेचसे येथेच ठरते. तंतुकणिकेतून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडले, की पेशीच्या नियोजित मरणाला सुरुवात होते. बाधित पेशी वेळीच मेली तर आतल्या जीवाणूचा आसरा जातो. म्हणून सारी ओढाताण बहुधा या मरणाच्या वेळेवरून असते.

लीजिओनेला न्यूमोफिला हे याचे बारकाईने अभ्यासलेले उदाहरण. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन झाले. त्यानंतर तेथे आलेल्या अनेकांना न्यूमोनिया झाला, काही दगावले. जीवाणूचे नाव त्यावरूनच पडले. एरवी हा पाण्यातल्या अमीबांमध्ये राहणारा. माणसाच्या फुप्फुसातली भक्षक पेशी त्याला अमीबासारखीच वाटत असावी. तिने गिळल्यावर तो एका पटलाच्या पिशवीत राहतो आणि सुईसारख्या यंत्रणेतून ३०० हून अधिक प्रथिने पेशीत सोडतो. त्यांपैकी मिटएफ या प्रथिनामुळे तंतुकणिकांचे लांब, जोडलेले धागे तुटून त्यांचे आखूड तुकडे होतात. काही तासांतच पेशीचे श्वसन मंदावते आणि ती ग्लुकोजच्या किण्वनावर भागवू लागते. पेशी मात्र लगेच मरत नाही. एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार करणारे विकर (एन्झाइम) उलटे चालू लागते आणि एटीपी खर्चून तंतुकणिकेच्या पटलावरचा विद्युतभार टिकवते. त्यामुळे मरण लांबते आणि जीवाणूला वाढायला सवड मिळते.

दूषित अन्नातून येणाऱ्या लिस्टेरिया या जीवाणूची तऱ्हा वेगळी. त्याचे विष पेशीच्या पटलाला छिद्रे पाडते, कॅल्शियम आत घुसते आणि तंतुकणिका तुटतात. पण थोड्याच वेळात पुन्हा जुळतात. क्षयाच्या जीवाणूबाबत पेशी कोणत्या मरणाने मरते, याला महत्त्व आहे. एकाच मूळ जीवाणूपासून निघालेल्या दोन वाणांपैकी निरुपद्रवी वाण भक्षक पेशीला नियोजित मरणाकडे नेतो. त्यात जीवाणू पेशीच्या अवशेषांतच कोंडले जातात. घातक वाण मात्र तंतुकणिकेचे आतले पटल निकामी करतो. पेशी फुटते आणि जीवाणू मोकळे होतात.

क्लॅमिडिया हा जीवाणू या सर्वांच्या अगदी उलट वागतो. तो तंतुकणिकांचे जाळे तुटू देत नाही, कारण यजमान पेशीचे आयते एटीपी आत ओढून घेणारे प्रथिन त्याच्याकडे आहे. चूल विझली तर त्याचाही तोटाच. उवांमार्फत पसरणाऱ्या टायफसचा जीवाणू रिकेट्सिया हाही असाच एटीपी चोरतो. इथे भाऊबंदकी म्हणावी असे नाते आहे: तंतुकणिका स्वतः एका प्राचीन जीवाणूपासून उत्क्रांत झाल्या आणि रिकेट्सिया त्याच अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया गटातला.