डब्यातला मॅक : वीस वर्षं उघडी राहिलेली फट

2019च्या दिवाळीनंतर जळगावच्या गोलाणी मार्केटातून मी एक डबा आणला. डबा म्हणजे खरोखरच डबा : साधारण 18 सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, साडेतीन सेंटिमीटर जाड. आत इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर कोर आय5-6500टी, 8 जीबी रॅम, आणि पाठीवर कुठल्याशा ऑफिसचं अर्धवट खरवडलेलं नंबराचं स्टिकर. मोठ्या शहरांतल्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून असली यंत्रं लॉटनं काढून टाकतात, आणि त्यातली काही फिरत फिरत आमच्याकडे येतात. पाचोऱ्याचे मामा तेव्हा घरीच होते.

“हाई काय शे भो?”

“मॅक, मामा.”

मामांनी डबा उलटासुलटा करून सफरचंद शोधलं. ते कुठेच नव्हतं. पण महिन्याभरानंतर टीव्हीच्या पडद्यावर उमटलं, खाली पांढरी पट्टी सरकत सरकत पूर्ण झाली आणि मॅकओएस उघडलं. मामांना यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र तेव्हापासून एकच प्रश्न पडलाय : हे मुळात चालतंच कसं? ज्या कंपनीनं आपली वस्तू कायम कुलपात ठेवली, तिची सिस्टिम एका भंगारातल्या ऑफिस पीसीवर चालू कशी होते? या उद्योगाला हॅकिन्टॉश म्हणतात. त्यामागे कुणा हुशार पोरांची करामत आहेच, पण दार आधी ॲपलनं स्वतः किलकिलं केलं होतं.

एकदा तर ते सरळ उघडलंच होतं. 1995 मध्ये ॲपलनं दुसऱ्या कंपन्यांना परवाना देऊन मॅकच्या नकला, म्हणजे क्लोन, बनवू दिले. पॉवर कॉम्प्युटिंग नावाची कंपनी त्यात इतकी पुढे गेली की खुद्द ॲपलचंच गिऱ्हाईक तिच्याकडे वळायला लागलं. बाजार वाढेल असा हिशेब होता, वाटणी मात्र घरातल्याच ताटातली झाली. 1997 मध्ये स्टीव्ह जॉब्स परत आले, त्यांनी हा धंदा बंद केला आणि पॉवर कॉम्प्युटिंगचा मॅकचा कारभार सुमारे 10 कोटी डॉलरला विकत घेऊन टाकला. ते दार बंद झालं.

पण जॉब्स परत येताना सोबत जे घेऊन आले, त्यातच पुढची फट होती. मधल्या काळात त्यांनी नेक्स्ट नावाची कंपनी काढली होती, आणि तिची नेक्स्टस्टेप ही सिस्टिम 1993 पासून साध्या इंटेल 486 पीसीवरही चालत होती. ॲपलनं नेक्स्ट विकत घेतली आणि तिच्याच पायावर मॅक ओएस टेन उभी केली. ती 2001 मध्ये बाजारात आली तेव्हा ॲपलच्या यंत्रांत पॉवरपीसी प्रोसेसर होता, त्यामुळे इंटेलचा विषय लोकांच्या लेखी संपलेला होता. ॲपलच्या आत तो संपला नव्हता. जे. के. शाइनबर्ग नावाच्या इंजिनियरनं, घरून एकट्यानं करता येईल असं काम हवं म्हणून, सिस्टिम इंटेलवर चालवायचं काम अंगावर घेतलं होतं. पुढे त्याचा गुप्त प्रकल्प झाला.

6 जून 2005 रोजी जॉब्सनी मंचावरून सांगून टाकलं की गेली पाच वर्षं मॅक ओएस टेनची प्रत्येक आवृत्ती इंटेलसाठीही तयार होत आली आहे, आणि आता मॅक इंटेलवर जाणार. कारण उष्णतेचं होतं. पॉवरपीसी जी5 हा प्रोसेसर इतका तापायचा की तो लॅपटॉपमध्ये बसवणं जमेना, आणि 3 गिगाहर्ट्‌झ वेगाचं जॉब्सनी 2003 मध्ये दिलेलं वचनही पुरं होईना. जिथे मे महिन्यात पारा 45च्या वर जातो आणि पंख्याखालचा पीसीसुद्धा धापा टाकतो, त्या जळगावकराला हे कारण पटायला वेळ लागत नाही.

डेव्हलपरांना सराव करता यावा म्हणून ॲपलनं 999 डॉलर घेऊन एक यंत्र भाड्यानं दिलं. पेटी जी5ची, पण आत चक्क पेंटियम 4. म्हणजे मॅकच्या पोटात सरळ पीसी! त्यातली सिस्टिम बाहेर फुटायला किती वेळ लागणार? यंत्रात सुरक्षेची एक चिप होती. ती आहे अशी समजूत सिस्टिमला करून देणारे पॅच काही आठवड्यांत निघाले. 2006च्या जानेवारीत खरे इंटेल मॅक आले, तोपर्यंत ही मंडळी तयारीत बसली होती.

ॲपलनं राखण केली नव्हती असं नाही. सिस्टिममध्ये एक फाइल ठेवली होती, तिचं नावच मुळी ‘मॅक ओएस टेन चोरू नका’ या अर्थाचं. फाइंडर (फाइली दाखवणारा) आणि डॉक (खालची चिन्हांची पट्टी) हे भाग कुलूपबंद करून ठेवले होते, आणि त्यांची किल्ली मॅकच्या बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये होती. किल्ली म्हणजे काही अगम्य आकडे नव्हते, तर एक वाक्य होतं : या शब्दांनी आमची मेहनत राखली आहे, कृपया चोरू नका. शेताच्या बांधावर ‘केळी तोडू नये’ अशी पाटी लावावी तसला प्रकार. पाटी वाचून परत जाणारे गेले. बाकीच्यांनी ते वाक्य सिस्टिमला ऐकवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि कुलूप उघडलं.

इथे एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे. मॅकओएसचा परवाना ती फक्त ॲपलच्या यंत्रावर टाकायची मुभा देतो. 2008 मध्ये फ्लोरिडातल्या सायस्टार नावाच्या कंपनीनं मॅक ओएस टाकलेले पीसी उघड विकायला काढले. ॲपल कोर्टात गेली. 2009 मध्ये निकाल सायस्टारच्या विरोधात लागला आणि तिचा धंदा बंद पडला. 2011 मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. घरात बसून स्वतःसाठी डबा तयार करणाऱ्यांच्या मागे ॲपल अशी लागली नाही, पण म्हणून परवान्याची ओळ बदलत नाही. ‘मॅक टाकून देतो’ म्हणत दुकान मांडणाऱ्यांबद्दल मला आजही कौतुक नाही.

सुरुवातीची हॅकिन्टॉश म्हणजे सिस्टिमच्या पोटात हात घालून केलेली शस्त्रक्रिया होती. कुणीतरी आधीच कापाकापी केलेली डीव्हीडी घ्यायची आणि देवाचं नाव घेऊन बूट करायचं. अपडेट आला की सगळं मुसळ केरात. पुढे सिस्टिम सुरू करून देणारे प्रोग्रॅम निघाले : आधी कॅमेलिअन आला, मग क्लोव्हर आला, आणि 2019-20च्या सुमारास ओपनकोअर. विचार हळूहळू उलटा झाला : सिस्टिमला हात लावायचाच नाही, ती ॲपलच्या सर्व्हरवरून जशी येते तशी घ्यायची, आणि ती सुरू होण्याआधी यंत्राचीच अशी ओळख करून द्यायची की तिला आपण खऱ्या मॅकवर आहोत असं वाटावं. कोणत्या मॅकचं सोंग घ्यायचं हेही एका फाइलमध्ये लिहून द्यायचं. 2013 पासून ॲपलनं सिस्टिम फुकट केल्यामुळे डिस्क शोधत फिरायचंही कारण उरलं नाही.

पण लोकांनी एवढा खटाटोप का केला? फुकटेपणा हे अर्धंच उत्तर आहे. मॅक मिनी, म्हणजे ॲपलचा स्वतःचा छोटा डबा, 2005 मध्ये 499 डॉलरला आला तेव्हा तो ॲपलचा गरिबांचा मॅक होता. 2012च्या मिनीत चार कोअरचा प्रोसेसर मिळायचा आणि रॅम हातानं बदलता यायची. 2014च्या मिनीत रॅम बोर्डावर डकवून टाकली आणि चार कोअरचा पर्यायही काढला. त्यानंतर ऑक्टोबर 2018 पर्यंत नवा मिनी आलाच नाही. चार वर्षं! याच चार वर्षांत इंटेलचे नक, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी असले छोटे पीसी ऑफिसाऑफिसांतून मॉनिटरच्या पाठीमागे लटकत होते. आत मॅकसारखाच इंटेल, तसलीच ग्राफिक्स. वर रॅमचे दोन खाचे, एनव्हीएमई या वेगवान पट्टीसारख्या डिस्कची जागा, अडीच इंची डिस्कची जागा, आणि नक सोडले तर प्रोसेसरसुद्धा सॉकेटमधून निघणारा. म्हणजे ॲपलनं जे काढून घेतलं होतं, ते भंगारात मिळत होतं.

आमच्या भागात याला आणखी एक कारण जोडलं गेलं. लग्नाचं शूटिंग आणि यूट्यूबवरची अहिराणी गाणी यांमुळे एडिटिंग करणारी पोरं खानदेशात गावोगाव तयार झाली, आणि त्यातल्या अनेकांचं मन फायनल कट या ॲपलच्या एडिटिंगच्या प्रोग्रॅमवर. छोट्या डब्यात ग्राफिक्स कार्डाला जागा नसते हे खरं. पण इंटेलच्या प्रोसेसरमध्येच व्हिडिओ गुंडाळायची आणि उलगडायची वेगळी सोय असते आणि फायनल कट तिचा पुरेपूर उपयोग करतं. तीन तासांचं लग्न त्या डब्यावर निमूट कापलं जातं. शिवाय कार्ड नसणं 2018 नंतर फायद्याचंच ठरलं : मोहावे या मॅकओएसच्या आवृत्तीपासून एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना ड्रायव्हर मिळाले नाहीत, आणि मोठे टॉवर बांधून बसलेल्यांना एएमडीची कार्डं शोधत फिरावं लागलं.

उघडल्यावर माझ्या डब्याच्या पंख्यातून पहिल्यांदा काय निघालं असेल तर रुई. मी तो काकांच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात महिनाभर ठेवला होता, तेवढ्यात पात्यांवर पांढरी गादी जमली. ब्रशनं ती काढली, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली. एनव्हीएमईचा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा, माझ्या बोटांना काही तो दाद देईना. शेवटी सराफ बाजारातल्या मित्राचा चिमटा आणला आणि एका झटक्यात बसला. रॅम 8ची 16 केली. वाय-फायचं कार्ड काढून मॅकला ओळखीचं ब्रॉडकॉमचं टाकलं. मग पेन ड्राइव्ह, ओपनकोअर, आणि सफरचंद दिसल्यावर काळा पडदा. सिस्टिम चालू, पडदा मात्र बंद! दोन दिवस मी रॅमला दोष देत होतो. चूक माझ्याच फाइलमध्ये होती : ग्राफिक्सचं चित्र मागच्या कुठल्या पोर्टवर निघतं हे चुकीचं सांगितलं होतं. एक आकडा बदलला आणि टीव्ही उजळला.

मोठा फटका 2021च्या एप्रिलमध्ये बसला. लॉकडाउन, लग्नं पंचवीस माणसांत आणि दोन तासांत, आणि ती बाहेरगावच्या नातेवाइकांना दाखवायची म्हणून व्हिडिओ त्याच रात्री हवा. अशा दिवसांत मी मॅकओएस 11.3चा अपडेट दाबला. डबा सुरूच होईना. मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर 15च पोर्ट मानतं. जास्तीचे चालवून घ्यायचा जो जुना जुगाड होता, तो 11.3नं मोडला होता. शेवटी एकेका पोर्टात पेन ड्राइव्ह घालून कोणता ठेवायचा, कोणता वगळायचा याची यादी केली आणि पहाटे चारला काम सुरू झालं. नवरीच्या वडिलांना ‘नेट गेलं होतं’ असं सांगितलं. मॅकओएसचे पोर्ट त्यांना कुठे समजावणार?

तोपर्यंत मूळ गोष्टीचा शेवट जाहीर होऊन गेला होता. 22 जून 2020 रोजी ॲपलनं स्वतःचे प्रोसेसर येणार असं सांगितलं आणि नोव्हेंबरात एम1 आला. भारतात एम1चा मिनी 64,900 रुपयांना. फट अशी होती की ॲपल जगासारखाच प्रोसेसर वापरत होती. तो वापरायचं थांबवलं की सोंग घ्यायला मूळ पात्रच उरत नाही. 2020चा आयमॅक हा दहाव्या पिढीच्या इंटेलचा, आणि त्याच्यापुढच्या डेस्कटॉप इंटेलच्या ग्राफिक्सना ॲपलनं ड्रायव्हर लिहिलेच नाहीत. म्हणून बाराव्या पिढीचा नवाकोरा डबा या कामी बिनकामाचा आणि आठव्या पिढीचा जुना सोन्यासारखा, असा उफराटा बाजार झाला.

मग एकेक खांब निघत गेला. 2022 मध्ये व्हेंचुरा या मॅकओएसच्या नव्या आवृत्तीनं सहाव्या पिढीच्या ग्राफिक्सचा आधार काढला. सातवीचं सोंग देऊन माझा पहिला डबा चालला असता, पण मी त्याला रजा दिली आणि आठव्या पिढीच्या आय5-8500टीचा दुसरा आणला. 2018च्या खऱ्या मिनीत त्याचाच भाऊ होता, आय5-8500बी. ग्राफिक्स दोघांची एकच, यूएचडी 630. म्हणून या डब्याला सोंग शिकवायला फार वेळ लागला नाही. त्यात आता 32 जीबी रॅम आहे. 2023च्या सोनोमा या आवृत्तीनं जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचा आधार काढला, तेव्हा मी पॅच शोधत न बसता बाजारातून दहा मीटरची लॅन केबल आणली. जून 2025 मध्ये ॲपलनं सांगितलं की टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती. 2018चा मिनी तर तिच्या यादीतही नाही.

एम4चा नवा मिनी भारतात 59,900ला आला : 16 जीबी रॅम, आणि लांबीरुंदीला 12.7 सेंटिमीटर, म्हणजे माझ्या डब्यापेक्षाही लहान. वेगाची तुलना करण्यात अर्थ नाही, तो कुठल्या कुठे पुढे आहे. धुळ्याच्या मित्रानं तो घेतला आणि मला फोन करून विचारलं, रॅम वाढवून देशील का? नाही म्हणालो. आता ती प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच येते, तिथे सराफाचा चिमटा पोचत नाही.

माझ्या दुसऱ्या डब्यावर टाहोच्या आधीची सिक्वोया आहे आणि ती तशीच राहील. दर होळीला झाकण उघडून रुई काढतो, तेवढीच सेवा. पहिल्या डब्यावर लिनक्स टाकून तो पाचोऱ्याला मामांच्या दुकानात दिला. खत-बियाण्यांची बिलं त्यावर निघतात. कुणी गिऱ्हाइकानं विचारलं की मामा अजून ठसक्यात सांगतात, “हाई मॅक शे.”