एकच भाकरी, पण किती पिठाची?

वजन कमी करायला निघालेल्या माणसाला ‘रात्री काय जेवलात?’ असं विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘काही नाही हो, एकच भाकरी.’ खोटं नसतं ते. पण साधारण ३० ग्रॅम कोरड्या कणकेची पोळी वरचं तेल-तूप सोडलं तर शंभरेक कॅलरींची असते आणि हातावर थापलेली बाजरीची मोठी भाकरी सहज ९० ग्रॅम पीठ खाते. म्हणजे त्या एका भाकरीत तीन पोळ्या जिरल्या. भाकरीचा दोष नाही, नगावर मोजण्याचा आहे. गोल पदार्थ तर हमखास फसवतात. सहा इंची पोळी तेवढ्याच जाडीची ठेवून आठ इंची लाटली, तर पावणेदोन पटीहून जास्त कणीक लागते. नजरेला मात्र ती ‘जरा मोठी’ वाटते.

पोट तरी सांगेल, असं वाटतं. तेही फारसं सांगत नाही. अमेरिकेत आहारसंशोधक बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना वेगवेगळ्या दिवशी ५०० ते १००० ग्रॅमपर्यंत मॅकरोनी वाढली. सर्वांत जास्त वाढलं त्या दिवशी, सर्वांत कमी वाढलं होतं त्यापेक्षा, ३० टक्के जास्त ऊर्जा पोटात गेली. पोट भरल्याची भावना मात्र दोन्ही वेळा सारखीच.

आता रविवारची नाशिकच्या गंगापूर रोडवरची मिसळ घ्या. मोड आलेल्या मटकीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. गणित बिघडतं ते फरसाण, पाव आणि मुख्य म्हणजे पुन्हा पुन्हा मागवलेल्या तर्रीमुळे. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तर्री वर तरंगते; वरवरचा रस्सा घेतला की वाटीत तेलच जास्त येतं. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, पिष्टमय पदार्थात ४. पंधरा मिलिलिटरचा एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, पोळीपेक्षा जास्त, आणि चावावंही लागत नाही.

द्राक्षांना मात्र नाशिककरांनी उगाच घाबरू नये. त्यात ८० टक्के पाणीच असतं; १०० ग्रॅमला जेमतेम ७० कॅलरी. तेवढ्याच वजनाच्या बेदाण्यांत तीनशेच्या आसपास.

रोज तोलत बसायची गरज नाही. एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर भिजवलेल्या कणकेचा गोळा ठेवून बघा. पन्नास ग्रॅमच्या आत असेल तर पोळी बेताची. आमटीची वाटी आधी रिकामी, मग पाण्याने भरून तोला; फरक जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. घरोघरी वाट्या १०० पासून २०० मिलिलिटरपर्यंतच्या निघतात, त्यामुळे ‘दोन वाट्या भात’ या हिशेबाला तसा काही अर्थ नसतो.

तेलाचा हिशेब किराण्याच्या यादीवरून लावावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे, म्हणजे दोनच मोठे चमचे. त्या मापाने चौघांच्या घरात महिन्याला तूप धरून साडेतीन लिटर पुरायला हवं. बाहेर खाल्लेली मिसळ त्यातूनच वजा करायची.