घासण्याआधी स्पिरिटचा बोळा

आजोळचं सागवानी कपाट घरी आलं, तेव्हा ज्याने त्याने एकच सल्ला दिला: पॉलिश पेपर आण आणि घासून काढ. मी आधी कपाट भिंतीपासून पुढे ओढलं. मागच्या पायावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर दाबून धरला. कापूस कोऱ्या चहासारखा तांबूस झाला आणि बोटांना चिकटू लागला. म्हणजे वरचा थर चपड्याचा होता. कपाट लाकडापर्यंत घासायची गरजच नव्हती.

चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेसारखं कवच करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून गाळलं की चपडा तयार. देशात लाखेचं सर्वाधिक उत्पादन झारखंडात होतं. रांचीत १९२४ पासून लाखेवर संशोधन चालू आहे. ग्रामोफोनच्या जुन्या, ७८ आरपीएमच्या तबकड्यांत हीच लाख असे.

हा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लावला की फ्रेंच पॉलिश. स्पिरिट उडून जातं, चपडा मागे राहतो. साखर पाण्यात विरघळवून पुन्हा वाळवली तर साखरच उरते, तसं. पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनच्या पॉलिशचं, मात्र उकडलेल्या अंड्यासारखं आहे: त्याचे रेणू एकमेकांना पक्के जोडले जाऊन जाळी होते, मग स्पिरिट कितीही चोळा, ते विरघळत नाही. जुनं फ्रेंच पॉलिश याच कारणाने मला मोलाचं वाटतं. नवा हात मारला की जुना थर थोडा विरघळतो आणि दोन्ही एकजीव होतात. कपाट मळलं असेल तर हलक्या ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने नवं पॉलिश चढवा. सोड्याच्या पाण्याने मात्र धुऊ नका. क्षाराने चपडा विरघळतो आणि सागवान काळवंडतं.

कापूस कोराच राहिला तर थिनरने तीच चाचणी करा. थर मऊ झाला तर तो बहुधा एनसी लॅकरचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या पॉलिशचा. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार घातक. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१६च्या नियमांनी आली. त्याआधीच्या कपाटांचा भरवसा नाही. रंग काढायच्या द्रावणाच्या डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिलंय का, तेही बघा. त्याच्या वाफा श्वासातून गेल्या की शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत त्याने जीव जाऊ शकतो.

आता पावसाळ्याबद्दल. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब चपड्यात अडकतात. त्यांवर प्रकाश विखुरतो आणि पॉलिश दुधाळ दिसतं. गरम कपाखाली उठणारं पांढरं वर्तुळही बऱ्याचदा अशाच अडकलेल्या ओलाव्याचं. स्पिरिटचा अगदी पुसटसा हात फिरवला की थर क्षणभर सैल होतो, ओलावा निसटतो आणि डाग जातो.

माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर असं एक वर्तुळ होतं, बहुधा आजीच्या दुधाच्या पातेल्याचं. मी दिवाळीनंतरची कोरडी हवा येईपर्यंत थांबलो, खिडक्या उघडल्या, देवाजवळचा दिवा विझवला आणि मग बोळा फिरवला. तिसऱ्या हाताला वर्तुळ दिसेनासं झालं. खालच्या सागाच्या रेषा मात्र जशाच्या तशा राहिल्या.