शिकारी स्प्रिंगफील्ड म्हणजे वाया गेलेली बंदूक?

जुनी अमेरिकन लष्करी रायफल छाटून शिकारीची केली की तिची माती झाली, असं सरसकट बोललं जातं. तसं नाही. १९०३ च्या स्प्रिंगफील्ड या लष्करी रायफलीचा शिकारी अवतार खुद्द सरकारी कारखान्यानेच थिओडोर रूझवेल्ट यांच्यासाठी घडवला. १९०९ साली ती त्यांच्यासोबत आफ्रिकेला गेली. पुढे न्यूयॉर्कच्या ग्रिफिन अँड हाऊ या बंदूक कंपनीने याच रायफलींना अक्रोडाचे दस्ते चढवले. पकडीवरची जाळीदार नक्षी बघा, एक रेघ निसटलेली सापडत नाही. लाकूड-पोलादाच्या सांध्यात कागद शिरणार नाही. घरच्या घरी करवत चालवलेल्या बंदुकाही आहेतच, त्यांचं कौतुक कोण करणार! गोळी झाडण्याआधी मात्र सिरियल नंबर पाहा. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० च्या आतल्या काही रायफलींचं पोलाद भट्टीत जास्त तापल्याने ठिसूळ निघालं.