आयटीआय केलं म्हणजे पुढचं शिक्षण संपलं? अजिबात नाही

दहावीचा रिझल्ट लागला की घराघरात तोच डायलॉग, "मार्क कमी पडले, आता टाका आयटीआयला", आणि जोडीला ठरलेला समज की तिथे गेला म्हणजे पुढचं शिक्षण बंद, आयुष्यभर पाना-पक्कड. हे साफ चुकीचं आहे राव.

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड (म्हणजे फिटर, इलेक्ट्रिशियनसारखा कोर्स) केला तर पॉलिटेक्निकला डायरेक्ट सेकंड इयरला ॲडमिशन मिळू शकते आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगलाही तसंच, म्हणजे फिटर पोरगा उशिरा का होईना बी.ई. होऊ शकतो. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटच्या (म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या मदतनीसाच्या) भरतीला दहावी प्लस आयटीआय चालतं, पण नुसता बी.ए. असेल तर फॉर्मही भरता येत नाही!

आणि डिग्री म्हणजे नोकरी हेही काही खरं नाही, सरकारच्याच २०२२-२३ च्या पीएलएफएस या रोजगार-बेरोजगारीच्या सर्व्हेत एकूण बेरोजगारी ३.२ टक्के आणि ग्रॅज्युएट लोकांची १३ च्या वर.

पण नुसतं सर्टिफिकेट फाईलला लावूनही भागत नाही हां. खरी किंमत ॲप्रेंटिसशिपची, म्हणजे कंपनीत प्रत्यक्ष काम करत शिकण्याची. आमच्या शेजारचा इलेक्ट्रिशियन पोरगा सांगतो, वर्गात मोटर वाइंडिंग फळ्यावर शिकला, पण मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून जळालेली मोटर ओळखायला लागला ते कंपनीतल्या त्या एका वर्षात. स्टायपेंड मिळतो, शेवटी परीक्षा होऊन नॅशनल सर्टिफिकेट मिळतं, मात्र १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याने कंपनीवर पर्मनंट करायची सक्ती नाही, त्यामुळे "चिकटून राहा, मग घेतीलच" असं कोणी म्हटलं तर आधी तिथल्या जुन्या पोरांना विचारा.