शेक्सपिअरच्या नाटकांतील भूतदृश्यांची चित्रे

हॅम्लेट, मॅक्बेथ, तिसरा रिचर्ड आणि ज्यूलियस सीझर या शेक्सपिअरच्या नाटकांत मृतांची भुते रंगमंचावर येतात. या प्रसंगांची चित्रे काढण्याची परंपरा अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रुजली आणि पुढे फ्रान्समध्येही बहरली. तिच्यापुढील मुख्य पेच नाटकांतूनच येतो. हॅम्लेटच्या पित्याचे भूत तटावरील पहारेकऱ्यांनाही दिसते. राणीच्या महालात मात्र ते हॅम्लेटला दिसत असूनही राणीला दिसत नाही, आणि मॅक्बेथने ठार करवलेल्या बँको या सरदाराचे मेजवानीत आलेले भूत एकट्या मॅक्बेथला दिसते. त्यामुळे प्रसंग कोणाच्या नजरेने पाहायचा, हे चित्रकाराला आधी ठरवावे लागते.

विल्यम होगार्थने १७४५ मध्ये नट डेव्हिड गॅरिकला रिचर्डच्या भूमिकेत रंगवले. बॉसवर्थच्या लढाईपूर्वी तंबूत दचकून उठलेला राजा त्यात आहे, पण त्याला छळणारी भुते कोठेच नाहीत; ताणलेली बोटे आणि विस्फारलेले डोळे एवढ्यावरच भीती उभी राहते. याच प्रसंगात विल्यम ब्लेकने सुमारे १८०६ मध्ये भुते प्रत्यक्ष दाखवली.

या परंपरेतील सर्वांत प्रभावी चित्रकार झुरिचमध्ये जन्मलेला हेन्री फ्यूसेली (१७४१–१८२५) होय. प्रकाशक जॉन बॉयडेल याने १७८९ मध्ये लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर उघडलेल्या शेक्सपिअर चित्रदालनासाठी त्याने हॅम्लेट व भुताची भेट रंगवली. चिलखतातले भूत धूसर सावली न राहता देहधारी, धिप्पाड योद्धा होते. त्याच्याकडे झेपावणाऱ्या हॅम्लेटला सोबती आवरून धरतात. रॉबर्ट थ्यूने पत्र्यावर कोरून छापलेल्या खोदचित्रामुळे (१७९६) ही प्रतिमा दूरवर पसरली. अशी खोदचित्रे विकून दालनाचा खर्च भागवण्याचा बॉयडेलचा बेत होता. परंतु फ्रान्सशी युद्ध पेटल्याने युरोपातील बाजारपेठ तुटली आणि अखेर १८०५ मध्ये दालन सोडतीत काढावे लागले.

फ्रान्समध्ये यूजीन दलाक्र्वाने १८३४–४३ या काळात हॅम्लेटवर शिळामुद्रित चित्रमालिका केली, तर तेओदोर शासेरिओने १८५४ मध्ये बँकोचे भूत मेजवानीत उघडपणे रंगवले. त्याआधी १७९४ मध्ये जॉन फिलिप केंबलने लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात हे भूत वगळून मॅक्बेथला रिकाम्या आसनाशी बोलायला लावले होते. रंगमंचावर नटाचे शब्द ती जागा भरून काढतात. मूक चित्राला तो आधार नसल्याने शासेरिओची निवड अधिक समर्थनीय वाटते.